पार्सन्सचा गुडघा आणि ग्रीन बेचा एप्रिल

डिसेंबरमध्ये गुडघा गेलेला मायका पार्सन्स २०२६ च्या सप्टेंबरमध्ये मैदानात उतरणार नाही, असं आत्ताच धरून त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघानं, ग्रीन बे पॅकर्सनं, पुढची सगळी आखणी करावी. ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या निवडीत, कोण घ्यायचा, जुन्यांपैकी कुणाला जाऊ द्यायचं, चढाईच्या फळीची डावी कड राखणाऱ्या लेफ्ट टॅकलच्या जागी कुणाला उभं करायचं, सगळी. तो लवकर बरा झाला तर आनंदच आहे. पण त्याच्या भरवशावर हंगामाच्या सुरुवातीची मोट बांधू नये. जानेवारीत पॅकर्स हरले तेव्हापासून मी हेच दादाला फोनवर सांगतेय आणि तो दर वेळी म्हणतो, "अगं, तो पार्सन्स आहे. साधा माणूस नाही तो." असेल. गुडघा मात्र सगळ्यांचा सारखाच भरून येतो.

मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. क्लिनिकमध्ये येणारे निम्मे लोक पाठ-कंबरेचे: यंत्रमागावर उभे राहून राहून पाय भरून आलेले कामगार, विड्या वळून मान आणि मनगट गेलेल्या बायका. पण कबड्डी आणि खो-खोची पोरंही येतात. मोहोळ, मंगळवेढा, बार्शीकडून आईबापांबरोबर एसटीनं येतात आणि पहिला प्रश्न असतो, "मॅडम, परत खेळायला कधी मिळेल?" त्यामुळे खेळाडूच्या गुडघ्याकडे मी चाहती म्हणून कमी आणि धंद्याच्या नजरेनं जास्त बघते.

दादा विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टनला असतो. ग्रीन बे तिथून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. त्यानंच मला अमेरिकन फुटबॉलचा नाद लावला. अंडाकृती चेंडू, एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा, आणि चढाई करणारी फळी वेगळी, बचावाची फळी वेगळी. आधी मी फक्त कोण कसं पडलं, कुणाचा पाय कसा वळला हे बघायचे. मग खेळ कळायला लागला.

आणि ग्रीन बे आवडायला लागलं ते त्या संघाच्या मालकीमुळे. गावाची वस्ती जेमतेम एक लाख. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतक्या छोट्या गावाचा दुसरा संघ नाही. आणि मालक एक शेठ नाही, लोक मालक आहेत, पाच लाखांहून जास्त. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे साखर कारखान्याचा सभासद असतो तसा तिकडे पॅकर्सचा सभासद. उन्हाळ्यात वार्षिक सभा भरते, तीही स्टेडियममध्येच, लॅम्बो फील्डवर. फरक एवढाच की सभासदाला तिथे सवलतीची साखरसुद्धा मिळत नाही. लाभांश नाही, शेअर विकता येत नाही, त्याची किंमत वाढत नाही. २०२१ च्या हिवाळ्यात शेवटची विक्री निघाली तेव्हा दादानं ३०० डॉलर देऊन एक घेतला. प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. आई इकडून विचारते, "त्याचं पुढे काय होणार?" काहीच होणार नाही, आई. तो नुसता आपला आहे.

एवढ्यासाठीच या संघाचे हिशेब मला घरच्यासारखे लागतात. वरून पैसे ओतणारा मालक नाही. शिवाय सगळ्या बत्तीस संघांना खर्चाची एकच मर्यादा असते, सॅलरी कॅप. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. आणि नवी पोरं मिळतात ती एप्रिलच्या ड्राफ्टमधून. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात बोली लागते, तशी इथे लागत नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांची निवड बत्तीस संघ आळीपाळीनं करतात, सात फेऱ्यांत, आणि आदल्या हंगामात जो तळाला होता त्याचा नंबर पहिला. निवडलेल्या पोराचा पगार तो कितव्या नंबरला घेतला यावर जवळपास ठरून गेलेला असतो आणि करार चार वर्षांचा. म्हणजे चांगला पोरगा सापडला तर चार वर्षं स्वस्तात मिळतो, आणि पाचव्या वर्षी त्याचे खरे पैसे मोजावे लागतात. पहिल्या फेरीतल्या पोराला पाचव्या वर्षासाठी थांबवून ठेवण्याची सोय संघाला असते, बाकीच्यांना नाही.

२०२२ ला निवडलेल्या पोरांची ती चार वर्षं आता भरली आहेत.

तो ड्राफ्ट मला नीट आठवतो, कारण त्या मार्चमध्ये चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला, दाव्हान्ते ॲडम्सला, रेडर्स संघाकडे पाठवलं म्हणून दादा चिडला होता. त्या बदल्यात पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची एकेक निवड मिळाली. पहिल्या फेरीतली बाविसाव्या नंबरची गेली बचावातल्या लाइनबॅकरवर, क्वे वॉकरवर. दुसरी देऊन, वर आणखी एक देऊन, चौतिसाव्या नंबरला रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसन आणला. त्याच वर्षी डेव्हॉन्टे वायट, शॉन रायन, रोमिओ डब्ज, झॅक टॉम, किंग्सली एनाग्बारे, आणि अगदी शेवटी सातव्या फेरीत २४९ व्या नंबरला रशीद वॉकर. सातव्या फेरीचा पोरगा पुढे लेफ्ट टॅकल म्हणून कायमचा उभा राहिला. एका वर्षात एवढं पीक क्वचित येतं. टॉमशी मोठा करार झालाय, वॉटसनला एक वर्ष वाढवून दिलंय, वायटला पाचव्या वर्षासाठी थांबवलंय. बाकीचे मार्चमध्ये मोकळे होतील. सगळ्यांना ठेवता येणार नाही. कुणाला ठेवायचं, एवढाच प्रश्न.

त्यात या वर्षी पहिल्या फेरीची निवड आपल्याकडे नाही. पुढच्या वर्षीचीही नाही. दोन्ही डॅलसला दिल्या, वर केनी क्लार्क दिला आणि गेल्या ऑगस्टच्या अखेरीस पार्सन्स आणला. चार वर्षांचे १८ कोटी ८० लाख डॉलर. मला तो सौदा तेव्हाही पटला होता, आजही पटतो. चौदा सामन्यांत साडेबारा सॅक काढले त्यानं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला तो फेकायच्या आतच पाडलं. समोरचा क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतला की आधी पार्सन्स कुठे आहे ते बघायचा. ग्रीन बेच्या बचावात असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

१४ डिसेंबरला डेन्व्हरच्या मैदानावर त्याचा एसीएल (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटला. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. कुणी धक्का दिला नव्हता. पाय रोवला, वळला, आणि गुडघा धरला. टीव्हीवरचे लोक अजून बोलतच होते, मला मात्र कळलं होतं. क्लिनिकमध्ये पोरं अगदी हेच सांगतात: कुणी हात लावला नव्हता, मी फक्त वळलो, आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला.

त्या सामन्याआधी संघ नऊ विजय, तीन पराभव, एक बरोबरी असा होता. (ती बरोबरी डॅलसशीच, ४०-४०.) त्यानंतर एकही सामना जिंकला नाही. शिकागोत जादा वेळेत हरले. मग बाल्टिमोरनं लॅम्बो फील्डवर येऊन ४१-२४ नं मारलं. त्यांचा धावपटू डेरिक हेन्रीनं एकट्यानं चेंडू घेऊन पळत २१६ यार्ड काढले. तो सामना पाहताना मी पार्सन्सकडे नाही, क्लार्कच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. बचावाच्या मधल्या फळीतला क्लार्क डॅलसला गेलेला. त्याच्या शेजारचा वायट नोव्हेंबरअखेर घोट्याच्या दुखापतीनं बाहेर. राहिले कोल्बी वुडन, कार्ल ब्रुक्स. पोरं कष्टाळू आहेत, पण हेन्रीसारखा माणूस अंगावर येतो तेव्हा मधे वजन लागतं आणि ते वजन आपल्याकडे नव्हतं. मिनेसोटाशी हरले आणि शेवटी प्लेऑफमध्ये पुन्हा शिकागो.

११ जानेवारी, रविवार, सकाळी साडेसहा. गड्डा यात्रेचे दिवस. होम मैदानावर पाळणे उभे राहिले होते. त्या आठवड्यात माझ्याकडे नंदीध्वज पेलणाऱ्यांपैकी काही जण सरावानं भरलेली कंबर घेऊन आले होते, म्हणून रविवार असूनही क्लिनिक उघडायचं होतं. मध्यंतराला २१-३ अशी आघाडी. मी निश्चिंत मनानं आवरून निघाले आणि उरलेला सामना फोनवर बघितला. शेवटच्या पंधरा मिनिटांत शिकागोनं २५ गुण केले. ३१-२७. दादाचा फोन आला, दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "पार्सन्स असता तर." बरोबर आहे. शेवटी शेवटी त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स आरामात उभा राहून चेंडू फेकत होता.

पण "पार्सन्स असता तर" हे मागच्या हंगामाबद्दल बोलायला ठीक. पुढच्या हंगामाची योजना त्याच वाक्यावर उभी राहायला नको.

एसीएलची शस्त्रक्रिया झाली की काय होतं, हे थोडं सांगते. तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत. रुग्णाच्याच गुडघ्याच्या पुढच्या शिरेतला किंवा मांडीमागचा तुकडा घेऊन नवीन बसवतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. हा ग्राफ्ट बसवल्या दिवशी जेवढा मजबूत असतो, त्याहून दोन-तीन महिन्यांनी कमजोर असतो. शरीर त्याला आपलंसं करत असतं, त्यात जुनं विरतं आणि नवं हळूहळू भरतं. आणि नेमकं तेव्हाच रुग्णाला बरं वाटायला लागतं. सूज उतरलेली, चालणं सरळ झालेलं, जिना चढता येतो. पोरं म्हणतात, मॅडम, मला काही झालेलंच नाही. याच टप्प्यावर त्यांना धरून ठेवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका जवळपास निम्म्यानं कमी होतो. आणि नऊ महिने झाले म्हणजे संपलं असंही नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत जवळपास सारखी यायला हवी, एका पायावर उडी मारून उतरता यायला हवं, गुडघा आत न झुकता. आणि हे सगळं दमलेलं असताना.

पार्सन्सचे नऊ महिने दुखापतीपासून मोजले तरी सप्टेंबरच्या मध्यावर येतात. शस्त्रक्रिया सहसा सूज उतरल्यावर होते, म्हणून खरं मोजमाप आणखी पुढून. हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो. म्हणजे ऑक्टोबर.

हे मी हवेत बोलत नाही, ग्रीन बेचीच उदाहरणं आहेत. वॉटसनचा एसीएल ५ जानेवारी २०२५ ला तुटला, तो परतला २६ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये. जवळपास पावणेदहा महिने. संघानं घाई केली नाही आणि तो आल्यावर पूर्वीसारखाच पळाला. पार्सन्ससारखाच कडेनं क्वार्टरबॅकवर चालून जाणाऱ्या रशान गॅरीचा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गेला होता. पुढच्या सप्टेंबरमध्ये पहिल्याच सामन्यात तो दिसला, पण अगदी मोजक्या खेळींपुरता, आणि हळूहळू त्या वाढवत नेल्या. ग्रीन बेचे डॉक्टर आणि ट्रेनर सावध आहेत हे मला त्यांच्या कामात दिसतं आणि त्यासाठी मी त्यांना मानते.

आणि एक उदाहरण असं आहे की मला ते आजही झोंबतं. डेव्हिड बाख्तियारी.

२०१३ ला चौथ्या फेरीत घेतलेला, नंतर बरीच वर्षं या खेळातला सगळ्यात भरवशाचा लेफ्ट टॅकल. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्याशी मोठा करार झाला. ३१ डिसेंबरला सरावात एसीएल गेला. सगळ्यांनी हिशेब केला, नऊ महिने म्हणजे पुढचा ऑक्टोबर. ऑक्टोबर आला. नोव्हेंबर आला. पुन्हा गुडघ्यात शस्त्रक्रिया झाली. पाणी भरत राहिलं. २०२२ च्या जानेवारीत डेट्रॉइटविरुद्ध अखेर तो उतरला, थोडा खेळला, सगळ्यांना वाटलं आला परत. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध प्लेऑफचा सामना होता आणि तो त्यात नव्हता. तो सामना १३-१० असा हरलो, साखळीत अव्वल असलेल्या संघानं आपल्याच घरच्या बर्फात. पुढे तो मधूनमधून खेळला, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा. मग संघानं सोडलं. त्याच्या मेहनतीत कमी नव्हती, डॉक्टरांत नव्हती, पैशात तर नव्हतीच. काही गुडघे ऐकत नाहीत. बार्शीकडच्या एका कबड्डीच्या पोराचं पाणी असंच महिनोन् महिने भरत होतं. त्याच्या वडिलांना मी बाख्तियारीचं नाव न घेता त्याची गोष्ट सांगितली होती, म्हणजे त्यांना वाटू नये की पोरगा आळशी आहे.

म्हणून आशा वॉटसनची धरावी आणि तयारी बाख्तियारीची करावी, असं माझं म्हणणं. नियमातही सोय आहे. हंगामाच्या सुरुवातीला पार्सन्सला दुखापतग्रस्तांच्या यादीत ठेवलं तर त्याला किमान पहिले चार सामने बाहेर बसावं लागेल, पण त्रेपन्न जणांच्या संघात त्याची जागा अडणार नाही. मला तर हा चार सामन्यांचा सक्तीचा आराम वरदान वाटतो. मग कुणी मधेच त्याला विचारणारच नाही की या रविवारी खेळतोस का.

एकदा हे मान्य केलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटायला लागतात.

गॅरीला सोडा, असं बरेच जण म्हणतात. पगार जास्त आहे आणि हंगामाच्या उत्तरार्धात तो दिसेनासा झाला, हे खरं आहे. पण सप्टेंबरमध्ये पार्सन्स नसताना कडेनं कोण येणार? लुकस व्हॅन नेस एकटा? त्याच्याही पाचव्या वर्षाचा निर्णय मे महिन्यापर्यंत घ्यायचाय. पगार कमी करून घ्यायला गॅरी तयार असेल तर ठेवावाच. किमान त्या जागी दुसरा कुणी येईपर्यंत त्याला दार उघडून देऊ नये.

रोमिओ डब्ज जाईल. इथे दादाचं आणि माझं खरं भांडण. डब्ज हा गेल्या हंगामात सगळ्यात जास्त यार्ड पकडणारा आपला रिसीव्हर. शिकागोविरुद्धच्या त्या प्लेऑफ सामन्यातही त्यानं शंभराहून जास्त यार्ड काढले. दादा म्हणतो, "आपल्या क्वार्टरबॅकला, जॉर्डन लव्हला, अडचणीत ज्याच्याकडे बघता येतं असा एकच माणूस आहे, त्याला सोडायचं?" माणूस चांगला आहे, वादच नाही. पण मॅथ्यू गोल्डनवर गेल्या वर्षी पहिल्या फेरीची निवड घातली आहे. २००२ नंतर ग्रीन बेनं पहिल्यांदाच पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, तो बाकावर बसवायला नाही. वॉटसन आहे, जेडन रीड आहे, सेव्हियन विल्यम्स आहे. जिथे माणसं आहेत तिथे पैसे घालून जिथे नाहीत ती जागा रिकामी ठेवायची, हे मला जमत नाही.

रशीद वॉकरही जाऊ द्यावा. हे लिहिताना वाईट वाटतं. सातव्या फेरीतून आलेला पोरगा, आणि लेफ्ट टॅकलला बाजारात फार पैसे मिळतात, त्याला ते मिळावेत. त्याच्या जागी जॉर्डन मॉर्गन. २०२४ च्या पहिल्या फेरीतला, पंचविसाव्या नंबरचा. कॉलेजात असताना २०२२ ला त्याचाही एसीएल तुटला होता, तो पुढच्या वर्षी परतला, पूर्ण हंगाम खेळला आणि मग पहिल्या फेरीत निवडला गेला. दोन वर्षं त्याला पुढच्या पाच जणांच्या रांगेत कधी आत गार्ड, कधी कडेला टॅकल असं फिरवलं. आता एक जागा द्या. टॅकलचं काम म्हणजे मागे सरकताना एका पायावर वजन पेलून दुसऱ्यानं दिशा बदलणं. रोज वेगळ्या बाजूला उभं केलं तर पाय ते कसं शिकणार? एल्ग्टन जेंकिन्सला गार्डावरून सेंटरला, म्हणजे रांगेच्या मधोमध, हलवलं, नोव्हेंबरमध्ये त्याचा पाय मोडला. टॉमचा गुडघा डिसेंबरपासून दुखावलेला. धावपटू जॉश जेकब्सनं २०२४ मध्ये १,३२९ यार्ड काढले होते, २०२५ मध्ये हजारही झाले नाहीत. त्याचं वय बघू नका, त्याच्यापुढच्या पाच जणांची घडी रोज बदलत होती ती बघा. शॉन रायनला म्हणूनच ठेवावा. तो फार मोठा खेळाडू नसेल, पण जेंकिन्स नसताना सेंटर त्यानंच सांभाळला.

रशीद वॉकर, डब्ज, क्वे वॉकर आणि राखीव क्वार्टरबॅक मलिक विलिस असे चार जण मोठ्या करारांवर गेले तर आणखी एक फायदा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जेवढे चांगले खेळाडू गमावता आणि जेवढे घेता त्याचा हिशेब मांडून लीग पुढच्या वर्षी भरपाईच्या निवडी देते, तिसऱ्या फेरीच्या अखेरीपासून पुढे. २०२७ ला आपल्याकडे पहिली फेरी नाही, तेव्हा तिसऱ्या फेरीचा एक जास्तीचा पोरगा सोन्याचा. अट एकच: येत्या मार्चमध्ये बाहेरून महागडे मोकळे खेळाडू आणायचे नाहीत, नाहीतर हिशेब खोडला जातो. गेल्या मार्चमध्ये ॲरन बँक्स आणि नेट हॉब्स असे आणले होते. यंदा तो मोह टाळावा. ज्यांना दुसऱ्या संघानं स्वतःहून करारातून काढलंय ते या हिशेबात धरत नाहीत. मधल्या फळीला एखादा जुनाजाणता, वजनदार माणूस त्यांच्यातून घ्यावा.

आता ड्राफ्ट. त्याआधी, फेब्रुवारीअखेर, इंडियानापोलिसला या पोरांच्या चाचणीचा मेळावा भरतो, त्याला कम्बाइन म्हणतात. टीव्हीवर पोरं चाळीस यार्ड पळताना दाखवतात, पण हा सगळा मेळावा मुळात सुरू झाला तो वैद्यकीय तपासणीसाठी. प्रत्येक संघानं त्याच पोराला वेगवेगळं बोलावून पुन्हा पुन्हा क्ष-किरण काढण्यापेक्षा एका ठिकाणी सगळ्या डॉक्टरांनी बघावं म्हणून. तिथे बत्तीस संघांचे डॉक्टर एकामागून एक त्याच गुडघ्याला हात लावतात. मला कुणी एक दिवस कुठेही नेतो म्हटलं तर मी सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, जाणार नाही, या खोल्यांत जाईन.

तिथे ठरतं ते सगळं बाहेर येत नाही, पण ड्राफ्टच्या दिवशी दिसतं. २०१६ ला नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ पहिल्या पाचांत जाईल असा खेळाडू होता. शेवटच्या कॉलेज सामन्यात गुडघा गेला आणि नुसती लिगामेंट तुटली नाहीत, गुडघ्याच्या बाहेरून जाणाऱ्या नसेला इजा झाली. पाऊल वर उचलता येईना. नस महिन्याच्या हिशेबानं भरत नाही, तिचं ती ठरवते. तो चौतिसाव्या नंबरपर्यंत घसरला, डॅलसनं घेतला, एक पूर्ण हंगाम थांबले, आणि २०१९ मध्ये तो प्रो बोलला, म्हणजे त्या हंगामातल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. धीर धरायची ताकद असली तर घसरलेला खेळाडू घ्यावा. यंदा टेनेसी विद्यापीठाचा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला राखणारा, जर्मॉड मॅकॉय असाच आहे. २०२५ च्या जानेवारीत एसीएल गेला, पूर्ण हंगाम बाहेर. त्याच्या गुडघ्याला एप्रिलपर्यंत सव्वा वर्ष झालेलं असेल. कुठल्याही डॉक्टरला आवडावा असा अवधी. तो पहिल्या फेरीतच जाईल, आपल्यापर्यंत येणार नाही, हे मला कळतं. पण खाली खाली आला तर दुसऱ्या फेरीतून वर चढून घ्यावा, एवढा एकच अपवाद मी करीन.

नाहीतर मधल्या फळीचा माणूस. कॉर्नरची गरज आहे, हे मी नाकारत नाही. जायर अलेक्झांडरला गेल्या जूनमध्ये सोडल्यापासून ती बाजू उघडीच आहे. दादाही रिसीव्हर सोडून कॉर्नरपर्यंत आलाय, हेही काही कमी नाही. पण कॉर्नरचं काम पुढची फळी सोपं करते. समोरच्याला चेंडू फेकायला तीन सेकंदांहून कमी वेळ मिळाला तर साधा कॉर्नरही निभावून नेतो. ओहायो स्टेटचा केडन मॅकडोनल्ड, टेक्सास टेकचा ली हंटर, आयोवा स्टेटचा डॉमनिक ऑरेंज, असे धावपटूला मधेच अडवणारे जाडजूड गडी या वर्षी आहेत. यातला पहिल्या फेरीत न गेलेला जो उरेल तो. वायट घोट्याच्या दुखापतीतून येतोय, त्याच्यावर सगळा भार टाकू नये. पार्सन्स ऑक्टोबरमध्ये येईल तेव्हा त्याला दोघांनी मिळून अडवायचं असतं. मधे वजनदार माणूस असला तर त्यांच्यातला एक तिकडे अडकतो आणि पार्सन्ससमोर एकच जण उरतो. परत आलेल्या गुडघ्याला दर खेळीत दोन-दोन जणांचा रेटा सोसायला न लावणं, हाही उपचारच आहे.

गेल्या वर्षी ड्राफ्ट ग्रीन बेलाच होता. दादा वहिनीला आणि मुलांना घेऊन गेला होता. लाखभर वस्तीच्या गावात तीन दिवसांत मिळून सहा लाख लोक आले. बॅरिन सोरेल हा टेक्सासचा पोरगा तिथे नाव पुकारलं जाईल म्हणून येऊन बसला, पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. बरोबरची मुलं निघून गेली तरी तो थांबला. तिसऱ्या दिवशी चौथ्या फेरीत ग्रीन बेनंच त्याला घेतलं आणि तो स्टेजवर आला. कडेनं येणारा गडी आहे. पार्सन्स नसताना सप्टेंबरमध्ये त्यालाही जास्त खेळवावं लागेल. दादा म्हणतो तो स्टेजवर आला तेव्हा झालेला आरडाओरडा पहिल्या फेरीपेक्षा मोठा होता.

यंदा पिट्सबर्गला आहे, २३ ते २५ एप्रिल. पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल. आपला नंबर नाही, तरी मी मॅकॉय कुठे जातो ते बघायला उठणार. दुसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला, आणि आपली पाळी पन्नासच्या आसपास, म्हणजे साधारण सहाच्या सुमाराला. साडेआठला क्लिनिक उघडतं. दादाला सांगून ठेवलंय की त्या वेळात फोन करायचा तर कॉर्नर घेतला की मधल्या फळीचा गडी एवढंच आधी सांग, बाकीचं भांडण रविवारी.